संगणक सुरू करताना आणि लॉग इन करताना काय पाहावे, काय करावे

घरात नवा संगणक आला की तो बसवून देणारा माणूस सगळ्या वायरी जोडतो, “हे बटण दाबा आणि पासवर्ड टाका” एवढे सांगून निघून जातो आणि खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. बटण दाबल्यापासून कामाचा पडदा समोर येईपर्यंत संगणक एकामागून एक काही ठरावीक कामे करत असतो आणि त्यांपैकी प्रत्येक कामाची एखादी खूण बाहेर दिसते किंवा ऐकू येते. कधी तो लहानसा दिवा असतो, कधी पंख्याचा आवाज, कधी पडद्यावर फिरणारे ठिपके. या खुणा ज्याला ओळखता येतात, त्याला संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर अडला आहे हे कळते. त्यामुळे तो उगाच घाबरत नाही आणि दर वेळी मुलाला किंवा शेजाऱ्याला हाक मारण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. नव्याने शिकणाऱ्यांनी कोणते बटण कधी दाबायचे याची यादी पाठ करण्याऐवजी आधी या खुणा वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील विवेचनात घरातील टेबलावरचा, विंडोज ११ (संगणकाचा सगळा कारभार चालवणारी मायक्रोसॉफ्टची मूळ प्रणाली) असलेला संगणक गृहीत धरला आहे. लॅपटॉपची गोष्ट जिथे वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

बटण दाबण्यापूर्वी

टेबलावरच्या संगणकाला वीज दोन ठिकाणी लागते. एक वायर मॉनिटरला जाते आणि दुसरी त्या उभ्या डब्याला, ज्याला दुकानात आणि घरात सगळेजण सीपीयू म्हणतात. तिसरी एक वायर या दोहोंना जोडते आणि तिच्यातून चित्र पडद्यावर पोहोचते. या तीन वायरी कोणत्या आहेत हे एकदा बोटाने दाखवून घ्यावे, कारण “संगणक चालत नाही” अशा ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या तीन वायरींपैकी एकीच्या सैल टोकात असते. केर काढताना, टेबल सरकवताना किंवा मोबाइलचा चार्जर लावण्यासाठी एखादा प्लग काढला गेल्यावर हे हमखास घडते.

सीपीयूच्या मागच्या बाजूला, जिथे विजेची वायर आत जाते तिथेच, बहुतेक वेळा एक लहानसा काळा स्विच असतो. त्याच्या एका टोकावर उभी रेघ असते आणि दुसऱ्या टोकावर शून्य. रेघेची बाजू आत दाबलेली असेल, तरच डब्यात वीज जाते. हा स्विच रोज वापरण्याचा नाही, त्यामुळे तो आहे हेच अनेकांना माहीत नसते. पण साफसफाई करताना चुकून तो शून्याकडे दाबला गेला, तर पुढच्या बाजूचे बटण कितीही वेळा दाबले तरी काहीही होत नाही.

आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असणे मला अत्यावश्यक वाटते. घरगुती वापरात साधारणपणे ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस असतो आणि लाइट गेल्यावर तो संगणकाला काही मिनिटे वीज पुरवतो. ही मिनिटे काम पुढे चालू ठेवण्यासाठी नसतात, तर केलेले काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात. यूपीएस थोड्या थोड्या वेळाने बीप असा आवाज करू लागला, की तो बॅटरीवर चालू आहे असे समजावे. लेझर प्रिंटर मात्र या यूपीएसला जोडू नये. कागद छापताना तो एकदम इतकी वीज ओढतो, की यूपीएसवर ताण येऊन सगळेच बंद पडू शकते. संगणकाचा प्लग तीन पिनांचाच असावा आणि भिंतीवरच्या पॉइंटला अर्थिंग असावे. सीपीयूच्या पत्र्याला हात लागताच बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही असे समजून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि तोवर संगणक वापरू नये.

बटण दाबल्यानंतर

क्रम साधा आहे. भिंतीवरचा स्विच, मग यूपीएसचे बटण, मग मॉनिटरचे बटण आणि शेवटी सीपीयूच्या पुढच्या बाजूचे मोठे बटण. मॉनिटर आधी सुरू करावा, म्हणजे संगणक सुरू होताना पडद्यावर जे सुरुवातीचे संदेश येतात ते नजरेतून सुटत नाहीत. लॅपटॉपमध्ये हे बटण की-बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात किंवा कडेला असते आणि त्यावर अर्धवट वर्तुळात उभी रेघ असे चिन्ह असते. बटण एकदाच, हलकेच दाबून सोडावे. काही झाले नाही असे वाटून लगेच दुसऱ्यांदा दाबण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. आणि बटण दाबून धरून तर मुळीच ठेवू नये, कारण पाच ते दहा सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो.

बटण दाबताच पहिली खूण दिसते ती सीपीयूवरच्या दिव्याची आणि दुसरी ऐकू येते ती आतल्या पंख्याची. याचा अर्थ वीज आत पोहोचली. त्यानंतर काही सेकंद संगणक स्वतःचीच तपासणी करतो: मेमरी (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणारा भाग) जागेवर आहे का, की-बोर्ड जोडलेला आहे का, माहिती साठवणारी डिस्क सापडते का. ही तपासणी करणारा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या आतल्या मुख्य पट्टीवरच्या) एका चिपमध्ये कायमचा साठवलेला असतो आणि विंडोजशी त्याचा संबंध नसतो. या वेळी पडद्यावर संगणक बनवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह दिसते. काही जुन्या संगणकांमध्ये तपासणी ठीक झाल्यावर एक छोटा बीप ऐकू येतो. नव्या संगणकांत बहुधा तो नसतो, त्यामुळे आवाज आला नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. मात्र लागोपाठ अनेक बीप येत असतील आणि पडदा काळाच असेल, तर आतला एखादा भाग, बहुतेकदा मेमरीची पट्टी, नीट बसलेला नाही असा त्याचा अर्थ होतो आणि ते काम तंत्रज्ञावर सोपवावे.

तपासणी संपली, की डिस्कवरचे विंडोज मेमरीत येऊ लागते आणि पडद्यावर गोल फिरणारे ठिपके किंवा वर्तुळ दिसते. संगणकात एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क असेल, तर हा टप्पा अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र दोन-तीन मिनिटे, कधी त्याहून अधिकही लागतात. या काळात की-बोर्डवरची बटणे दाबल्याने किंवा माउस हलवल्याने वेग वाढत नाही. ठिपके फिरत आहेत तोवर संगणक काम करत आहे, एवढे लक्षात ठेवून थांबावे. पडद्यावर टक्क्यांचा आकडा आणि ‘अपडेट’ हा शब्द दिसत असेल, तर तो आकडा कितीही सावकाश पुढे सरकत असला तरी वीज तोडू नये, कारण विंडोजच्या फाइली बदलल्या जात असताना वीज गेली तर पुढच्या वेळी संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

पडदा काळाच राहिला तर

इथे खुणांचा खरा उपयोग होतो. सीपीयूचा दिवाही लागला नाही आणि पंख्याचा आवाजही आला नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. त्याच पॉइंटवर मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, मग यूपीएसचा दिवा पाहावा आणि शेवटी सीपीयूच्या मागचा तो छोटा काळा स्विच. याउलट दिवा लागला आहे, पंखा फिरतो आहे, पण पडद्यावर काहीच नाही, असे असेल तर मॉनिटरकडे वळावे. मॉनिटरच्या कोपऱ्यातला दिवा पूर्ण बंद असेल, तर त्याला वीज मिळत नाही किंवा त्याचे बटण दाबलेले नाही. तो दिवा लागलेला आहे आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ असे शब्द येऊन जातात, तर मॉनिटर ठीक आहे, पण त्याच्यापर्यंत चित्र येत नाही. मधली वायर दोन्ही टोकांना नीट दाबून बसवावी. निळ्या टोकाची जुनी व्हीजीए वायर असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून घट्ट करावेत, कारण ती नुसती टेकवून ठेवली की हळूहळू निसटते.

एक सोपी परीक्षा मी सर्वांना आवर्जून सांगतो. पडदा काळा असताना की-बोर्डवरचे नम लॉक हे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा प्रत्येक वेळी लागत आणि विझत असेल, तर संगणक आतून जागा आहे आणि दोष चित्राच्या वाटेवर आहे असे समजायला हरकत नाही. दिवा जसाच्या तसा राहिला, तर संगणक मधेच अडकला असण्याची शक्यता अधिक. नम लॉकचा दिवा सगळ्याच की-बोर्डांवर नसतो, पण जिथे आहे तिथे ही परीक्षा एका क्षणात उत्तर देते.

काही वेळा पडदा काळा असतो, पण त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी संदेश येतो आणि तो पाहूनच धडकी भरते. संदेशात बूट डिव्हाइस (ज्यावरून विंडोज सुरू होते ती डिस्क) सापडले नाही अशा अर्थाचे शब्द असतील, तर सर्वांत आधी संगणकाला एखादा पेन ड्राइव्ह लावून ठेवला आहे का ते पाहावे. काही संगणक विंडोज शोधताना आधी पेन ड्राइव्हमध्ये पाहतात आणि तिथे ते न मिळाल्याने थांबतात. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की सगळे सुरळीत होते. संदेशात ‘एफ १ दाबा’ असे असेल आणि संगणकातली तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. हा सेल बहुधा सीआर २०३२ या नावाचा, ३ व्होल्टचा असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि त्याची किंमत किरकोळ असते. तो बदलेपर्यंत एफ १ दाबून पुढे जाता येते, पण तारीख चुकीची असल्यामुळे बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येत राहतो. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे ब्राउझर (संकेतस्थळे उघडणारा प्रोग्राम) संगणकाच्या घड्याळावरूनच ठरवतो, म्हणून असे होते.

लॉग इनचा पडदा

विंडोज पूर्ण सुरू झाले की एखादे निसर्गचित्र आणि त्यावर तारीख व वेळ असा पडदा दिसतो. पुष्कळ नवशिके इथेच थांबतात, कारण पासवर्ड लिहिण्याची जागा कोठेच दिसत नाही. हा केवळ बाहेरचा पडदा आहे. की-बोर्डवरचे कोणतेही बटण दाबले किंवा माउसने एकदा क्लिक केले, की तो बाजूला सरकतो आणि मधोमध आपले नाव, गोलातले चित्र आणि त्याखाली एक रिकामी चौकट दिसते. घरात एकाहून अधिक व्यक्तींची खाती असतील, तर त्यांची नावे डाव्या बाजूला खाली दिसतात. तिथून आधी स्वतःचे नाव निवडावे. आपला पासवर्ड बरोबर असूनही संगणक तो नाकारतो, याचे एक कारण असे असते, की पडद्यावर मुलाचे किंवा सुनेचे नाव असते आणि आपण आपला पासवर्ड त्याखाली लिहीत असतो. म्हणून चौकटीकडे जाण्याआधी नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी.

चौकटीत उभी रेघ लुकलुकत असली की लिहायला सुरुवात करावी. ती दिसत नसेल, तर चौकटीवर एकदा क्लिक करावे. लिहिताना अक्षरांऐवजी ठिपके उमटतात, कारण शेजारी बसलेल्याला पासवर्ड दिसू नये अशी ती सोय आहे. पण याच ठिपक्यांमुळे आपण काय लिहिले ते आपल्यालाही कळत नाही. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचे लहानसे चिन्ह येते, ते दाबून धरले की लिहिलेली अक्षरे दिसतात. घरी आजूबाजूला कोणी परके नसेल, तर या चिन्हाचा खुशाल उपयोग करावा. पासवर्ड लिहून झाला की एंटर दाबावे किंवा शेजारच्या बाणावर क्लिक करावे; पासवर्डाऐवजी पिन, म्हणजे अंकांचा छोटा सांकेतिक क्रमांक, वापरत असल्यास शेवटचा अंक लिहिताच संगणक आपोआप आत नेतो, वेगळे एंटर दाबावे लागत नाही.

कार्यालयातील संगणकावर नाव आणि पासवर्डाच्या आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबण्याची सूचना दिसू शकते. पहिली दोन बटणे डाव्या हाताने दाबून धरावीत, उजव्या हाताने डिलीट दाबावे आणि मग तिन्ही सोडावीत. तिन्ही एकाच क्षणी दाबण्याची धडपड करण्याचे कारण नाही. ही सूचना त्रासासाठी नसते: या तीन बटणांची हाक थेट विंडोजपर्यंतच जाते, मधल्या कोणत्याही प्रोग्रामला ती अडवता येत नाही, त्यामुळे त्यानंतर येणारा पासवर्डाचा पडदा खरा विंडोजचाच आहे याची खात्री मिळते.

पासवर्ड चुकीचा आहे असे आले तर

हा संदेश दिसला की बहुतेक लोक तोच पासवर्ड अधिक जोर लावून, अधिक घाईने पुन्हा लिहितात. त्याऐवजी हात की-बोर्डवरून उचलावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट कॅप्स लॉक. पासवर्डामध्ये इंग्रजीतील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, त्यामुळे कॅप्स लॉक चालू राहिले तर सर्व अक्षरे मोठी उमटतात आणि पासवर्ड चुकतो. विंडोज तसा इशारा चौकटीखाली देते, पण आपली नजर की-बोर्डवर असल्याने तो वाचला जात नाही. दुसरी गोष्ट अंकांची. की-बोर्डच्या उजवीकडील अंकांचा गट वापरूनही ठिपके उमटत नसतील, तर नम लॉक बंद आहे. ते चालू करावे किंवा अक्षरांच्या वरच्या ओळीतले अंक वापरावेत.

तिसरी गोष्ट आपल्या मराठी लोकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. ज्या संगणकावर मराठी लिहिण्यासाठी दुसरा की-बोर्ड बसवला आहे, तिथे लॉग इनच्या पडद्यावरही तो निवडलेला असू शकतो. तसे झाले, तर आपण इंग्रजी अक्षराचे बटण दाबतो आणि चौकटीत देवनागरी अक्षर जाते. ठिपका मात्र तसाच दिसतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. एका निवृत्त शिक्षिकांना त्यांचा स्वतःचाच संगणक आत घेईना. पासवर्ड त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता, तोच पाहून त्या प्रत्येक बटण दाबत होत्या. डोळ्याचे चिन्ह दाबल्यावर चौकटीत काने-मात्रा आणि जोडाक्षरांची रांग दिसली आणि उलगडा झाला. आदल्या रात्री त्यांनी नातवाला मराठी पत्र टंकून दिले होते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात की-बोर्डच्या भाषेचे संक्षिप्त नाव दिसते, ते पाहावे. विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरून स्पेस बार दाबला, की भाषा बदलते. पासवर्ड ठरवतानाही तो इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचाच असावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात जाताना अडचण येत नाही.

याशिवाय वहीत लिहिलेल्या पासवर्डात शून्य आणि इंग्रजी ओ, किंवा एक हा अंक आणि इंग्रजीतील लहान एल, यांचा घोटाळा फार होतो. लिहून ठेवताना शून्याला आडवी रेघ मारावी.

पिन लागोपाठ अनेकदा चुकला, तर पडद्यावर एक वेगळीच सूचना येते: पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर ए, १, बी, २, सी, ३ ही अक्षरे आणि अंक त्याच क्रमाने लिहा. हा प्रकार पाहून संगणक कोणीतरी हॅक केला आहे असा समज होतो, पण ती फसवणूक नसते. समोर खरोखर माणूस बसून शांतपणे लिहीत आहे, की-बोर्डवर चुकून काही पडलेले नाही, एवढीच खात्री विंडोज करून घेते. ती अक्षरे लिहावीत आणि मग पिन सावकाश, एकेक अंक पाहून टाकावा.

पिन, पासवर्ड आणि ते विसरल्यास

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना बहुधा मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते आणि त्यानंतर एक पिन ठरवायला सांगितले जाते. या दोहोंत फरक आहे आणि तो समजून घेणे गरजेचे आहे. खात्याचा पासवर्ड हा कोणत्याही संगणकावरून, जगात कोठूनही, आपल्या खात्यात जाण्यासाठी चालतो. पिन मात्र त्या एकाच संगणकापुरता असतो. तो दुसऱ्याला कळला तरी त्या संगणकासमोर बसल्याशिवाय त्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून रोजच्या वापरासाठी पिन योग्य आहे, मात्र तो एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन नसावा आणि जन्मवर्षही नसावे. किमान चार अंक लागतात, पण सहा अंकांचा ठेवावा असे मी सुचवीन.

पिन विसरला, तर चौकटीखाली ‘आय फरगॉट माय पिन’ अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केल्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि मोबाइलवर किंवा ई-मेलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारला जातो आणि नवा पिन ठरवता येतो. त्यासाठी संगणकाला इंटरनेट जोडलेले असावे लागते. इथेच पुष्कळांची गाडी अडते, कारण खाते उघडताना बसवणाऱ्या माणसाने घाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल टाकलेला असतो. नवा संगणक घेताना तो कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावर नोंदवला आहे, हे तंत्रज्ञ घरात असतानाच विचारून वहीत लिहून घ्यावे. पावती जपून ठेवतो तितक्याच काळजीने ही नोंद जपावी.

आणखी एक नोंद याहूनही मोलाची आहे. अनेक नव्या संगणकांत डिस्कवरची माहिती आपोआप कूटबद्ध केली जाते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात ठेवली जाते, आणि काही मोठा बदल किंवा दुरुस्ती झाल्यावर संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की, म्हणजे ती माहिती उघडणारी किल्ली, मागितली जाते. तिचे काम पासवर्डाने किंवा पिनने भागत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केले असेल, तर ती की त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन वाचता येते. खात्याचाच पासवर्ड हरवला असेल, तर आतले फोटो आणि कागदपत्रे परत मिळणे जवळपास अशक्य होते. म्हणून खात्याचा पासवर्ड वहीत लिहून, ती वही संगणकाच्या टेबलावर न ठेवता कपाटात ठेवावी. ज्येष्ठ नागरिकांनी पासवर्ड कोठेही लिहू नये असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला व्यवहार्य वाटत नाही.

नवशिक्यांचा आणखी एक गोंधळ वेगळा सांगायला हवा. संगणकाचे लॉग इन, जीमेलचे लॉग इन, आपले सरकार किंवा महाडीबीटी यांसारख्या संकेतस्थळाचे लॉग इन आणि बँकेचे लॉग इन ही सर्व स्वतंत्र आहेत. संगणकात शिरलो म्हणजे बँकेत शिरलो असे होत नाही आणि बँकेचा पासवर्ड संगणकाच्या चौकटीत चालत नाही. वहीत प्रत्येकासाठी वेगळे पान ठेवावे. “तुमच्या संगणकात व्हायरस आहे, लॉग इनचा पासवर्ड किंवा पडद्यावरचा क्रमांक सांगा” असे कोणी फोनवर म्हणाले, तर तो फोन ठेवून द्यावा. पैसे गेल्याचे लक्षात आले, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

घरात संगणक एक आणि वापरणारे चार असतील, तर प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. सेटिंग्जमधील अकाउंट्स या विभागात ही सोय आहे. लहान मुलांचे खाते स्टँडर्ड प्रकारचे ठेवावे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या (सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या) पासवर्डाशिवाय त्यांना संगणकाच्या मूळ व्यवस्थेत बदल करता येत नाहीत.

आत आल्यानंतर आणि बंद करताना

लॉग इन झाल्यावर खाली एक पट्टी आणि तिच्यावर छोटी चिन्हे दिसतात. विंडोज ११ हे २०२१ साली आले आणि त्यात स्टार्टचे बटण पट्टीच्या मध्यभागी आले. त्याआधी ते डाव्या कोपऱ्यात असे, त्यामुळे जुन्या संगणकावर शिकलेल्यांनी ते मध्यभागी शोधावे. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांच्यासाठीही वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात, परंतु त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे बँकेची कामे त्यावर करणाऱ्यांनी पुढची सोय लवकर पाहावी. आत आल्याबरोबर चार-पाच प्रोग्रामांवर एकदम क्लिक करू नये. विंडोज पाठीमागे अजून स्वतःची कामे आवरत असते. पाऊण-एक मिनीट थांबले, तर पुढचे सगळे सुरळीत चालते.

थोड्या वेळासाठी उठायचे असेल, तर विंडोजचे बटण आणि एल ही दोन बटणे एकत्र दाबावीत. उघडलेले काम तसेच राहते आणि पडद्यावर पुन्हा लॉग इनची चौकट येते. पूर्ण बंद करण्यासाठी स्टार्ट, मग उजवीकडे खालचे पॉवरचे चिन्ह आणि मग ‘शट डाउन’ असा क्रम आहे. तिथेच ‘स्लीप’ आणि ‘रीस्टार्ट’ हेही पर्याय असतात. स्लीपमध्ये संगणक थोडी वीज वापरत जागा राहतो, त्यामुळे टेबलावरचा संगणक स्लीपमध्ये ठेवून भिंतीवरचा स्विच बंद केला तर न जतन केलेले काम जाऊ शकते. संगणक विचित्र वागू लागला, तर शट डाउन करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा रीस्टार्ट अधिक उपयोगी पडते. अनेक संगणकांवर शट डाउन करताना विंडोजचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी ते लवकर सुरू होते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते आणि अडकलेल्या गोष्टी मोकळ्या होतात.

कधी ‘शट डाउन’च्या जागी ‘अपडेट अँड शट डाउन’ असे दिसते. वेळ असेल, तर तेच निवडावे. पडदा काळा झाला, तरी सीपीयूचा दिवा विझेपर्यंत थांबावे, मगच यूपीएस आणि त्यानंतर भिंतीवरचा स्विच बंद करावा. संगणक पूर्ण गोठला आहे, माउसचा बाण हलत नाही आणि दहा-पंधरा मिनिटे वाट पाहूनही काही बदल नाही, अशा वेळीच सीपीयूच्या पुढच्या बाजूचे बटण दाबून धरून तो सक्तीने बंद करावा. त्यानंतर एखाद मिनीट थांबून तो पुन्हा सुरू करावा.